मांगे शे

माझ्या भावाचं नाव निघालं की जळगावात लोक विचारतात, तो गोव्याचा फुटबॉलवाला ना? गोव्याचा नाही, सोनगीरचा. तांबट गल्लीतल्या झुलाल तांबटांचा धाकटा मुलगा, अमृत. हे मी प्रत्येकाला नीट ऐकवते, कारण गोव्यानं त्याला जवळ केलं ते जळगावनं हाकलल्यावर, आणि हाकलणारा माणूस पुढे कितीतरी वर्षं याच शहरात मान ताठ ठेवून फिरत होता. मी जळगावातच, मेहरूणला शिवणकाम करते. क्षमाशील बाई नाही. ज्यांना तशी हवी असेल त्यांनी ब्लाऊज दुसरीकडे शिवावेत.

आमच्या गल्लीत सकाळपासून हातोड्या चालायच्या. घागरी, हंडे, बंब, सगळं ठोकून घडवायचं. एका घरातलं थांबलं की शेजारच्या घरातलं सुरू. त्या ठणठणाटात कुणाला काही सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे, म्हणून आमच्या गल्लीतल्या पोरांचे आवाज असे की शाळेत मास्तर म्हणायचे, तांबटांच्या पोरांनी प्रार्थना मनात म्हणावी. अमृतचा आवाज त्यातही वरचा. तो किल्ल्याच्या पायथ्याशी खेळताना ओरडला तरी माय इकडे चुलीपुढे म्हणायची, आला वाटतं जेवायला. नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, त्या आवाजाचं भारी कौतुक होतं. हातोडी थांबवून ते ऐकायचे.

दहावीनंतर तो कॉलेजसाठी माझ्याकडे आला. मेहरूणच्या तलावाच्या बाजूच्या मैदानावर रुपचंद सर फुटबॉलचा क्लब चालवायचे. अमृत चार दिवस कडेला उभा राहून बघत होता, पाचव्या दिवशी आत शिरला तो कायमचाच. सरांनी त्याला स्टॉपर केलं. गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस तो स्टॉपर. त्याला सगळं मैदान समोर दिसतं. पुढे खेळणार्‍यांना पाठीमागचं दिसत नाही, तेव्हा मागून कुणी चालून येत असेल तर ओरडून सावध करणं हे स्टॉपरचं अर्धं काम. अमृत ओरडायचा, 'मांगे शे!' मागे आहे. अहिराणीत वाढलेला मुलगा दुसरं काय ओरडणार.

सरांना अहिराणीचा तिटकारा होता. मैदानावर इंग्रजीत 'मॅन ऑन' म्हणायचं, ते जमत नसेल तर शुद्ध मराठीत 'मागे आहे', असा त्यांचा नियम. 'शे' कानावर पडलं की मैदानाला चक्कर मारायला लावायचे. अमृत पुढे गमतीनं म्हणायचा की माझा सगळा दम त्या चकरांनीच वाढवला. सरावात तो 'मॅन ऑन' म्हणायला शिकलासुद्धा. पण सराव वेगळा आणि सामना वेगळा.

मुंबईच्या एका क्लबची माणसं पोरं निवडायला आली, तो सामना. सर शिफारस करतील त्यांना ते घेऊन जाणार होते आणि अमृतचं नाव सगळ्यात वर होतं. नाना मुद्दाम सोनगीरहून आले. खेळणार्‍या पोरांना पाणी प्यायला म्हणून स्वतः घडवलेली तांब्याची घागर त्यांनी एस.टी.त मांडीवर धरून आणली होती. मी आणि नाना मैदानाच्या कडेला बसलो होतो.

दुसर्‍या हाफमध्ये अमृतच्याच टीममधला, दीपनगर कॉलनीतला एक मुलगा बॉल घेऊन उभा होता. घरी हिंदी बोलणारा. त्याच्या पाठीमागून समोरच्या टीमचा फॉरवर्ड झेपावत आला. अमृतच्या तोंडून जे पोटात होतं तेच निघालं, 'मांगे शे!' त्या मुलानं ऐकलं फक्त 'मांगे'. हिंदीत मांगे म्हणजे मागतो. त्याला वाटलं, अमृत बॉल मागतोय. त्यानं न बघताच बॉल मागे ढकलला तो थेट त्या फॉरवर्डच्या पायात, आणि तिथून गोलमध्ये.

चूक झाली, मान्य. खेळात होते. सरांनी अमृतला बाहेर काढलं, तेही मी समजू शकले असते. पण मुंबईच्या पाहुण्यांसमोर, सगळ्या पोरांसमोर ते मोठ्यानं म्हणाले, "शे शे करणार्‍यानं शेळ्या राखाव्यात. फुटबॉल खेळू नये."

लोक हसले. नानांना आधी कळलंच नाही काय झालं ते. ते घागर तशीच कडेवर घेऊन उठले, सरांपुढे गेले आणि हात जोडता येईनात म्हणून नुसती मान वाकवून म्हणाले, "सर, पोर्‍यानं काय चुकनं?"

सर म्हणाले, "आधी तुम्ही बोलायला शिका. मग पोराला शिकवा."

नानांनी घागर तिथेच खाली ठेवली. मी त्यांचा चेहरा पाहिला. वयाच्या पन्नाशीला आलेला माणूस, गल्लीतल्या चार भांडणांत ज्याला मध्यस्थीला बोलावतात असा, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता. तेव्हापासून मी रुपचंद सरांवर डूख धरला आणि कधी सोडला नाही.

अमृतचं नाव शिफारशीतून गेलं हे वेगळं सांगायला नको. पण खरं नुकसान घरी झालं. नानांनी ते बोलणं मनाला लावून घेतलं, तेही उलट्या बाजूनं. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना वाटलं, आपल्या जिभेपायी पोराचं वाटोळं झालं. त्यांनी 'आहे' म्हणायला सुरुवात केली. गिर्‍हाईक आलं की 'घागर तयार आहे', जेवायला बसले की 'भाजी बरी आहे'. माय पहिल्यांदा हसली. मग तिच्या लक्षात आलं की हे थांबत नाही, तेव्हा ती चुलीपुढे तोंड वळवून बसायला लागली. चुकून 'शे' निघालं तर नाना जीभ चावायचे आणि इकडेतिकडे बघायचे, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. हळूहळू ते बोलायचेच कमी झाले.

अमृतनं कॉलेज सोडलं आणि गोव्याची गाडी धरली. ओळख ना पाळख. एका गावच्या क्लबात बॉल आणून देण्यापासून सुरुवात केली, आणि त्यांचा स्टॉपर पाय मोडून घरी बसला तेव्हा याला उभं केलं. पुन्हा खाली बसायची वेळ त्याच्यावर आली नाही. गोव्याहून कोलकाता. तिथे मैदानावरची माणसं खेळाडूच्या आईबापाचा उद्धार करतात आणि सामना जिंकला की त्यालाच खांद्यावर घेतात, असं तो सांगायचा. मग शिलाँग, मग ऐझॉल. तिथे डोंगरात मैदान आहे आणि ढग खाली उतरले की स्टॉपरला समोरचा गोलपोस्ट दिसत नाही. केरळात भात कापलेल्या शेतात सातजणांचा फुटबॉल खेळला, परदेशी खेळाडूंच्या जोडीनं. एक वर्ष काठमांडूत, एक मालदीवच्या बेटावर, जिथे जोरात मारलेला बॉल समुद्रातून काढून आणावा लागे. गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा झालं. लग्न ठरून मोडलं, कारण मुलीकडच्यांना कायमचा पत्ता हवा होता आणि याच्याकडे तो नव्हता.

जिथे गेला तिथे तो 'मांगे शे' असंच ओरडला. मुद्दाम. पहिल्या दिवशीच टीमला शिकवून ठेवायचा की मी असं ओरडलो की पाठीमागे माणूस आहे असं समजा. मिझो पोरं, गोंयकार पोरं, केरळची पोरं, सगळी शिकली. कोलकात्याहून त्याचा फोन आला तेव्हा इतका हसत होता. म्हणे बंगाली लोक 'आछे' म्हणतात. काठमांडूहून तर तो ओरडलाच, "अक्का, आठे बी शेच शे." इथेही शेच आहे म्हणे. नेपाळीत 'छ' म्हणतात, गुजरातीत 'छे', आणि आपल्या शेचे भाऊबंद अर्ध्या मुलखात पसरलेले, हे त्याला फुटबॉलनं शिकवलं. शेळ्या राखायला पाठवणार्‍या सरांना हे कोण सांगणार.

पण दर फोनच्या शेवटी तो एकच विचारायचा, नाना कसे बोलतात? कारण नाना त्याच्याशी फोनवर पाहुण्याशी बोलावं तसे बोलायचे. 'सगळं बरं आहे. तब्येत बरी आहे. ठेवतो.' पूर्वी तेच नाना 'बठ्ठं बरं शे रे भो' म्हणून दोन शिव्या घालायचे. एकदा मालदीवहून फोनवर अमृत रडला. म्हणाला, मला कप, मेडल काही नको. त्या माणसाच्या तोंडून त्याच मैदानावर 'शे' काढीन आणि नानांना ऐकवीन. मग तरी नाना माझ्याशी आपल्या बोलीत बोलतील. बस्, एवढ्यासाठी मी खेळतोय.

तोवर मी माझ्यापुरतं उट्टं काढतच होते. सरांच्या क्लबचे ट्रॅकसूट एकदा माझ्याकडे उंची कमी करायला आले. बाकी सगळे नीट केले, सरांची पॅंट इंचभर जास्त आखूड केली. वर्षभर ते घोटे दाखवत फिरले. त्यांची टीम हरली की मी शिरा करायचे. हसा खुशाल.

आणि एके दिवशी माझ्या दुकानात एक म्हातारी आली. सुगंधाबाई. ब्लाऊजचं माप देता देता सगळा संसार सांगितला. पारोळ्याकडचं खेडं, मोठा मुलगा जळगावला, त्याच्याकडे आलेली. म्हणाली, "मना पोर्‍या मोठा सर शे. बठ्ठा त्याले सलाम ठोकतस." मी पोराचं नाव विचारलं. रुपचंद. माझ्या हातातली टेप तशीच राहिली. म्हणजे सर आमच्यासारखेच. त्याच बोलीत अंगाई ऐकलेले. मी गोडगोड बोलून विचारून घेतलं की घरी आईशी कसे बोलतात. म्हातारी म्हणाली, बायकापोरांसमोर शुद्ध, एकटी असले की आपलं. मी तिचा ब्लाऊज फार सुंदर शिवला. तिचा काही दोष नव्हता.

हे अमृतला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, मग काम सोपं आहे. इतकी मैदानं हिंडून त्यानं एक गोष्ट पाहिली होती. केरळात सोबत खेळणारे परदेशी असोत की ऐझॉलची पोरं असोत, घाबरला की प्रत्येक जण आईच्या भाषेत ओरडतो. शिकलेलं सगळं त्या क्षणी गळून पडतं. सरांना फक्त तेवढं घाबरवायचं होतं.

संधी मागच्या हिवाळ्यात आली. धान्याचे मोठे व्यापारी केवलचंद शेठ यांनी निमंत्रित संघांची स्पर्धा भरवली. शेठचा नातू अनुज सरांच्या क्लबचा गोलकीपर, त्यामुळे हौस दांडगी. गोव्याच्या ज्या गावात अमृतनं सुरुवात केली होती त्याच क्लबात तो शेवटचा हंगाम खेळत होता. त्यांना आमंत्रण गेलं आणि अमृत जळगावला आला, केस पिकलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला. सरांनी त्याला ओळखलं. हात मिळवला, आणि आमच्याच क्लबनं घडवलेला खेळाडू असं पत्रकारांना सांगितलंसुद्धा. ते पेपरात वाचून मला दोन घास गेले नाहीत.

फायनलला दोन्ही क्लब समोरासमोर आले. आम्ही नानांना सोनगीरहून गाडीनं आणलं. जन्मभर हातोडी ऐकून त्यांच्या कानांनी आता जवळजवळ रजा घेतली आहे. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून ते खिशात ठेवतात. त्यांना खुर्ची टाकून कडेलाच बसवलं.

सामना सुरू झाला आणि अमृत ओरडला, 'मांगे शे!' पाठोपाठ गोव्याची पोरंही तेच ओरडायला लागली. कोंकणी तोंडातून अहिराणी. धुळ्याकडून आलेल्या लोकांनी पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं आणि मग शिट्ट्यांचा नुसता धुरळा केला. सर कडेला उभे होते, त्यांचा चेहरा आंबट झाला. मला तेवढ्यानंही बरं वाटलं, पण अमृतला पुरणार नव्हतं.

शेवटपर्यंत एकही गोल झाला नाही. अमृत सबंध सामना आपल्या गोलपाशी राहिला. अगदी शेवटी गोव्याला कॉर्नर मिळाला तेव्हा पहिल्यांदा तो पुढे गेला. बॉल आला, अमृतनं उडी मारली, पण अनुजनं बॉल हवेतच पकडला. अमृत त्या झोकात गोलपोस्टच्या बाजूनं मैदानाबाहेर जाऊन पडला आणि गुडघा धरून बसून राहिला. बाकी सगळे मागे पळाले. अनुज बॉल पोटाशी धरून पुढे आला. आपल्या पाठीमागे कुणी उरलंय हे तो विसरला. अमृत उठला आणि हळूच चालत त्याच्या पाठीशी आला.

मैदानावर ते कुणालाच दिसलं नाही. कडेला उभ्या असलेल्या सरांना दिसलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि ते सगळ्या जळगावला ऐकू जाईल असे ओरडले, "मांगे शे! मांगे शे रे!"

अनुजला घरी मारवाडी, शाळेत इंग्रजी आणि क्लबात 'मॅन ऑन'. अहिराणी त्याला येत नाही, सरांनी ती कानावर पडूच दिलेली नाही; गोव्याची पोरं सामनाभर जे ओरडत होती तो त्याच्या लेखी नुसता कल्ला. त्याला कळलं फक्त 'मांगे'. सर बॉल मागतायत. का मागतायत कोण जाणे, पण सर मागतायत म्हणजे द्यायचा. त्यानं बॉल जमिनीवर टाकला आणि सरांच्या बाजूला सरकवला. अमृतनं तो पाठीमागून येऊन घेतला आणि रिकाम्या गोलमध्ये अलगद लोटला. शिट्टी वाजली, सामना संपला.

मी ओरडले, नाचले, बाजूच्या अनोळखी बाईला मिठी मारली. अमृत मात्र नाचला नाही. तो चालत सरळ सरांपुढे गेला आणि विचारलं, "सर, मांगे कोन शे?"

अमृतनं त्यांच्या दंडाला धरलं, जोर न करता, आणि त्यांना नानांच्या खुर्चीपाशी आणलं. शेठ हातात कप घेऊन तिथेच उभे होते, टीमा भोवती जमल्या, लोक कुंपण ओलांडून आत आले. अमृत म्हणाला, "माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं. तुम्ही आत्ता जे ओरडलात ते एकदा त्यांच्या कानात सांगा."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. सुटका नव्हती. ते वाकले आणि पुटपुटले. नानांनी कानाला हात लावला, 'अं?' सर थोडं मोठ्यानं बोलले. नाना पुन्हा 'अं?' त्यांचा काही डाव नव्हता, त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं. शेवटी सरांनी डोळे मिटले आणि भर मैदानात, सगळ्यांदेखत नानांच्या कानात ओरडले, "मांगे शे!"

आता नानांना ऐकू आलं. त्यांनी मान वर करून नीट पाहिलं आणि सरांना ओळखलं. लगबगीनं खुर्चीतून उठले. या वेळी हात रिकामे होते, ते त्यांनी जोडले. मग इकडेतिकडे बघून, चारचौघांत या माणसाची शोभा होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात, समजुतीनं म्हणाले, "शे नही म्हनानं, सर. आहे म्हनानं."

हसलं कुणीच नाही. सरांनी मान खाली घातली ती वर केली नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच होतं, आणि ते बघून माझं पोट भरलं. खोटं कशाला बोलू.

अमृतनं नानांचा हात हातात घेतला. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि तांबट गल्लीतल्या आवाजात म्हणाला, "नाना, बठ्ठं बरं शे ना?"

नानांनी आधी सरांकडे पाहिलं, आणि मग अमृतला म्हणाले, "हो. सगळं बरं आहे."